फिल्टरच्या पोटात दिवा

"आपटू नका हो दाजी! फिल्टर आहे तो, धुणं नव्हे!"

फिटरबाईने बहिणीच्या नवऱ्याच्या हातून एअर फिल्टर हिसकावला. दाजींचा ट्रक चढावर धापा टाकत होता, आणि त्यांना आजच घर गाठून नव्या नातीचं तोंड पाहायचं होतं. टायरवर फिल्टर आपटायची मात्र त्यांची जुनीच खोड.

बाईने आतून बाहेर हवा मारली. दाजी धुळीने माखले. मग तिने फिल्टरच्या पोकळीत दिवा धरला. फिल्टरचा कागद आपटून फाटला असेल तर तिथून लख्ख उजेड येणार, आणि नवा फिल्टर मिळेपर्यंत गाडी इथेच मुक्कामाला! दाजी मान वाकडी करून बघत राहिले. उजेड सगळीकडे सारखाच मंद होता.

"वाचलात! आता तोंड धुऊन जा, नाहीतर नात भोकाड पसरेल."

दाजी हसतच नळाकडे पळाले. फिल्टर बसवून बाई पुढच्या ट्रककडे वळली.