नंदी छाप विळा

जे आजवर कुणालाच, अगदी बायकोलाही सांगितलं नाही, ते लिहितो. करारातलं एक वाक्य मी मुद्दाम गाळून वाचलं होतं.

ज्यांच्यासमोर गाळलं, ते सुकानाना एरंडोलचे लोहार. विळ्यावर नंदीची छाप ठोकली, की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी ते दम भरायचे, "मोडना तं मनाकडेच लई ये. दुसराकडे गया, तं माले तोंड दखाडू नको!" असा विळा ते फुकट घडवून, नवं पाणी देऊन परत करत. आसपासच्या गावांत ही रीतच पडली होती.

दुसऱ्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. जळगावच्या एका शेठनी ते पुरवायचं कबूल केलं. बदल्यात त्यांच्या कारखान्याला नंदीची छाप हवी होती. मी शेठच्या वकिलाचा कारकून, शेठच्या पेढीवर चिकटायच्या आशेत. करार ऐकता ऐकता नाना हसले, "हाई तं सावड शे! मना बैल त्याना औतलेबी चाली, आन मना वावरमाबी." शेजारी शेतकरी एकमेकांचे बैल वापरतात, तशी छापही दोघांची चालेल असं त्यांना वाटलं. पुढच्याच वाक्यात होतं, की छाप एकटे शेठच वापरतील, खुद्द नानाही नाही. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी खालचं कलम वाचलं. नानांनी अंगठा दिला.

थोड्याच दिवसांत, नंदीची छाप मारणं थांबवा, अशी त्यांना नोटीस गेली. नाना कचेरीत येऊन गरजले, "पोऱ्या मना, नाव मी ठेवं, आन हाक मीच मारू नही? हाऊ कोनता कायदा शे रे?" मग माझ्याकडे वळले, "भाऊ, तू हाई वाचं व्हतं?"

"वाचलं होतं, नाना. तुमचं ध्यान नव्हतं."

त्यांनी ते खरं मानलं! आजही त्याचा संताप येतो. त्यांनी भांडायला हवं होतं, माझी गचांडी धरायला हवी होती.

कारखान्याचे विळे ज्वारीच्या पहिल्याच कापणीत वाकले. शेठना त्याचं काय? नंदी दिसला की माल खपत होता. शिव्या नानांना. मी एकदा निरोप घेऊन गेलो, तेव्हा एक शेतकरी ऐरणीपाशी विळा आपटून म्हणाला, "हात गया तुमना, नाना!"

मी कुजबुजलो, "हा तुमचा नाही, असं सांगा की."

"छाप मनी शे," नाना म्हणाले. "ठेव रे आठे." आणि हातातलं, बिनछापेचं काम बाजूला सारून त्यांनी शेठचं ते भिकार लोखंड भट्टीत घातलं. फुकट. असे किती आले, किती घडवले! नफा जळगावला जात होता आणि घाम एरंडोलात गळत होता. कायद्याने सगळं बरोबर होतं म्हणे.

स्वातंत्र्य यायच्या आधीच नाना गेले. कुणी विचारलं की शेवटपर्यंत सांगायचे, "चूक मनी. मीच ध्यान दिधं नही." मला पेढीवर जागा मिळाली होती.

त्यांचा मुलगा अजून त्याच भट्टीवर बसतो. बापाने पैशासाठी छाप विकली, असं लोक त्याला तोंडावर म्हणतात. एरंडोलच्या भरल्या बाजारात उभं राहून, ते वाक्य मी गाळलं होतं, हे त्याला आणि त्या लोकांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.