आवाज आला की दाबा

ती कानाच्या दवाखान्यात लोकांना किती ऐकू येतं ते तपासते. दिवसभर कान तपासून घरी जाते आणि नवऱ्याला एकच गोष्ट तीनदा सांगते. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता "हं" म्हणतो.

"अगं वहिनी, बहिरा झालाय तो!" नणंद हसत म्हणाली. हिने मात्र ते मनावर घेतलं. कानातच दोष निघाला तर बरं, यंत्र तरी बसवता येईल.

सुट्टीच्या दिवशी तिने त्याला दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. "अहो, आवाज आला की दाबा. बास."

ती आवाज कमी कमी करत गेली. पार मुंगीच्या पावलांइतका केला, तरी बटण दाबल्याचा दिवा तिच्या टेबलावर दर वेळी लागत होता. मेल्याचे कान कसले तल्लख!

मग तिने माइक जवळ ओढला आणि अगदी हळू म्हणाली, "तुमच्या शेजारी बसूनही मला एकटं वाटतं हो. फार वर्षं झाली."

दिवा लागला.

काचेपलीकडे तो भिंतीकडे बघत पुढच्या आवाजाची वाट पाहत होता. तिने तेच पुन्हा सांगितलं, या वेळी ओरडून. दिवा पुन्हा लागला.

"झालो ना पास?" बाहेर येत त्याने विचारलं.

"पैकीच्या पैकी!" तिने छापलेला तक्ता त्याच्या हातात कोंबला. "आता घरी नुसतं 'हं' म्हणालात तर याद राखा."

"हं," तक्ता वाचत तो म्हणाला.