उजेडाच्या पुढचे आकडे

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. ते गुलाबच्या दुकानातल्या बिघडलेल्या रेडिओंसारखे साचतात. न्यायला कोणी येत नाही अन् फेकवतही नाहीत!

ऐंशीच्या दशकात अड्याळला गुलाब मेकॅनिकच्या दुकानात टीव्ही आला. रविवारी सकाळी अंतराळयानाची एक इंग्रजी मालिका लागायची. मी शाळेत क्लार्क, इंग्रजी जेमतेम. समजावून सांगायला आमचे विज्ञानाचे हटवार सर. त्यांनी टीव्हीशेजारी फळाच टांगला. "यानाचा वेग आकड्यात मोजतात. एक म्हणजे उजेडाचा वेग. दोन म्हणजे दुप्पट नाही! दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट! तीन म्हणजे सत्तावीसपट!"

तलावात मासे धरणारा सोमा गंभीरपणे म्हणाला, "मंग सर, दोन मासोळ्या गवसल्या तं घरी आठ सांगू का?"

"आताबी तू तेच तं सांगून राहिला!" गुलाब म्हणाला.

एकदा यान सहावर होतं, तरी जवळचा ग्रह गाठायला अख्खा भाग गेला. पुढच्या रविवारी दोनवर निघालं आणि त्याहून लांब पाच मिनिटांत पोचलं! सर खडू धरून उभेच.

"कायले जीव जाळता सर?" सोमा म्हणाला. "घंटाभरात कहाणी संपवाची हाय त्याईले. आकडा कोन पाह्यते!"

सर आठवडाभर सोमाशी बोलले नाहीत. मासोळीसुद्धा दुसऱ्याकडून घेतली.

मग सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, नव्या मालिकेसाठी वेगाची पट्टीच बदलली. दहा म्हणजे अनंत वेग, एकाच क्षणी सगळीकडे हजर!

"आमच्या आत्याबाई कवाच्याच दहावर हायेत!" गुलाब म्हणाला.

सोमाला मात्र जुन्या यानाची काळजी. "आपलं यान तं अकरावर गेलतं ना जी?"

"जुनं अकरा नव्या पट्टीवरच्या नऊच्याही खाली पडतं," सर म्हणाले.

"म्हंजे पास झालेल्या पोराले मांगच्या वर्गात बसवलं!"

सर छत्तिशीला आले, तरी लग्न जमेना. तीन ठिकाणी मुलगी पाहायला गेले आणि तिन्ही ठिकाणी पोहे थंड होईस्तोवर वेगाचं गणित सांगून आले. तिन्हीकडून नकार. आम्ही चिडवायचो खरं, पण माणूस आतून खचला होता. मला फार वाईट वाटायचं.

चौथं स्थळ एकोडीचं. सोबत मी आणि गुलाब. गुलाबनं एसटीतच शपथ घ्यायला लावली. "सर, आज उजेडाचं नाव काढाचं नाही!"

सरांनी शपथ पाळली. मुलगी पोहे देऊन, नाव-शिक्षण सांगून आत गेली. सरांनी पोहे गरम असतानाच संपवत आणले. मला वाटलं, यंदा जमतंय!

तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं, "अड्याळवरून याले किती वेळ लागला जी?"

सरांनी चमचा खाली ठेवला. गुलाबनं त्यांच्या पायावर पाय दिला. सर घाम पुसत कसेबसे म्हणाले, "लागला... लागला थोडा वेळ."

आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, कोनत्या आकड्यानं आले ते विचारा ना!"