शेठचे सर झाले

विश्वजित शेठांच्या डाव्या कानात कायम एक इअरबड असे आणि तो बहुतेक वेळा बंद असे. हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या कारखान्यात इअरबड तपासायचं काम माझ्याकडेच होतं. कुणी अडचणीचं काही विचारलं की ते दोन बोटांनी कान दाबत, "एक मिनिट, कॉल आहे," म्हणत आणि हसतमुखाने बाहेर जात. सुरुवातीला मला वाटलं, केवढा कामाचा माणूस! समोरच्याचं ऐकावं लागू नये म्हणून कानात यंत्र घालणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

माझं गाव घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिरूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकते आणि तेव्हा दुपारनंतर रांजणगावजवळच्या त्यांच्या शेडमध्ये जात असे. ज्याच्याकडे काम केलं त्याचं वाईट बोलू नये, असं आई सांगते. म्हणून हे लिहिताना हात अडखळतो. पण चांगलं आठवायला बसले, तरी पुन्हा पुन्हा हेच आठवतं.

शेडमध्ये सुटे भाग बाहेरून येत. आम्ही ते जोडायचो आणि वर वाघाच्या तोंडाचं चित्र चिकटवायचो. गुलाबी इअरबड कॉलेजच्या मुलींसाठी, काळे मुलांसाठी. माल जसा दुकानात जाई, तसा पोत्यांनी परतही येई. शेठ पोत्याकडे पाहत म्हणत, "पब्लिकला वापरताच येत न्हाई." यंत्र बिघडलं असेल ही शक्यता त्यांच्या मनाला कधी शिवलीच नाही.

एकदा ते पुण्याला कसलंसं संरक्षण-सामग्रीचं प्रदर्शन बघून आले आणि दुसऱ्या दिवशी मिशी राखायला लागले. सगळ्यांना गोळा करून म्हणाले, "गॅजेटच्या धंद्याला इज्जत न्हाई. आजपासून आपण डिफेन्समध्ये. आन् आता मला शेठ म्हणायचं न्हाई, सर म्हणायचं."

जोडणीच्या टेबलावरच्या मंगलमावशी कोरेगाव भीमाहून कंपनीच्या बसने येत. त्यांनी मला कोपर मारलं. "पोरी, डिफेन्स म्हंजी कुठं गं? शेड तर हीच हाय."

शेडच काय, यंत्रही तेच होतं. इअरबडच्या आतला भाग हिरव्या प्लॅस्टिकच्या डबीत गेला, त्याला पट्टा लागला आणि त्याचा झाला जवानांच्या हेल्मेटमध्ये बसणारा हेडसेट. वाघाच्या जागी तिरंगा आला. सर दारावर उभे राहून येणाऱ्याला सांगत, "जवानासाठी करतोय. नफा दुय्यम." हे सांगताना त्यांचा गळा खरोखर दाटून येई. मला आधी वाटायचं, ते खोटं बोलतात. आता तसं वाटत नाही. खोटं बोलायला खरं काय ते आधी माहीत असावं लागतं. तेवढी तसदी त्यांनी घेतलीच नव्हती.

माझा थोरला भाऊ संपतदादा फौजेत आहे. तेव्हा तो सुट्टीवर आला होता. सरांना विचारून मी एक हेडसेट घरी नेला. दादाने तो कानावर चढवला आणि उन्हात गुरांसाठी मका कापायला गेला. बांधावरून मी माझ्या फोनवरून बोलत राहिले. थोड्या वेळाने फोनवरून हाक मारली, तर तो वळलाच नाही. मी जवळ जाऊन हात लावला, तेव्हा दचकला.

"कवाचं बंद पडलंय हे. घाम शिरला आत," तो म्हणाला. मग हेडसेट पुसत शांतपणे विचारलं, "हे आमच्याकडं यायचंय व्हय?"

मी दुसऱ्या दिवशी सरांसमोर उभी राहिले. माझा आवाज आधीच बारीक. "सर, घामानं बंद पडतंय. असंच पुढं द्यायचं का?"

"चालतंय," सर म्हणाले आणि कान दाबून बाहेर गेले.

आमच्याकडे हा शब्द दोन्हीकडून चालतो. यंत्र सुरू असलं तरी 'चालतंय', आणि कसंही असलं तरी 'चालतंय'. मी टेबलापाशी आले तर मावशींनी विचारलं, "काय म्हणले? चालतंय?" मी म्हटलं, "चालतंय म्हणाले." मावशींनी सगळ्या डब्यांवर 'तपासले' अशा चिठ्ठ्या लावून टाकल्या. सरांनी सोयीचा अर्थ घेतला, मावशींनी सरळ घेतला आणि बिघडलेला माल पास झाला.

मग माल बघायला एक निवृत्त अधिकारी आले. पुढे जवानांच्या हाती चाचणीला काय द्यायचं, ते तेच ठरवणार होते. सरांनी हार घातला, पेढे दिले. अधिकाऱ्यांनी हेडसेट उलटसुलट पाहिला. "घाम आल्यावर चालतो?"

"चालतंय की!" सर म्हणाले.

अधिकाऱ्यांनी डबीवरची चिठ्ठी पाहिली. "तपासलं कुणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं आणि मान डोलावली, म्हणजे मीही डोलवावी. मला मक्यात पाठमोरा उभा असलेला दादा दिसला. मी म्हटलं, "मी तपासलं सर. घामानं बंद पडतो."

"नवीन हाय पोरगी, घाबरली," सर हसले. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी हेडसेट टेबलावर ठेवला आणि पेढा न खाता गेले.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते दुःखी चेहऱ्याने म्हणाले, "तुमच्यासारख्या शिकलेल्यांमुळंच देश मागं हाय, बाळ. उद्यापासून येऊ नको." मावशी माझा डबा घेऊन बसपर्यंत आल्या. म्हणाल्या, "मी बी चिठ्ठी लावायच्या आधी घाम गाळून बघायला पायजे हुता."

दादाची सुट्टी संपली, तेव्हा मी त्याला सोडायला दौंड स्टेशनवर गेले. काम सुटल्याचं आईला अजून सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, "मी सांगतो फोनवर. तवर तू घरी जाऊच नको." आम्ही हसत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. सर होते.

"झालं गेलं सोड," ते म्हणाले. "दुसरी पार्टी येतीय. तुझा भाऊ फौजेत हाय ना? त्याचा वर्दीतला फोटो धाड. आपला हेडसेट त्याच्या कानावर बसवून पोस्टर करतो. खरा जवान पायजे."

दादाला ऐकू गेलं होतं. त्याने फोन घेतला. "मी तिचा भाऊ बोलतोय. फोटो न्हाई मिळायचा."

क्षणभरही न अडखळता पलीकडून सरांचा खणखणीत आवाज आला, "जय हिंद, भाऊ!"

"जय हिंद," दादाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, आणि फोन बंद झाला.

हेडसेट बंद पडला तेव्हासुद्धा दादा चिडला नव्हता. आता फोन माझ्या हातात देताना त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"माझ्याकडनं बी म्हणून घेतलं बघ त्यानं," तो म्हणाला.