पाचव्या पिढीचं कुंपण

आमच्या गुंद गावच्या राफेलमामाने आयुष्यात एकही लढाऊ विमान जवळून पाहिलं नव्हतं, आणि एकही विमान त्याच्या पसंतीला उतरलं नव्हतं. रोज संध्याकाळी रेंज मिळते त्या टेकडावर चढायचा, मोबाइलवर व्हिडिओ बघायचा आणि खाली येऊन आमच्या अंगणात निकाल द्यायचा. "राफेल झ्याक हाय, खरं एकाच्या पैशात तेजस किती येतील बघा. सुखोई दांडगं, खरं तेल लई पितं. ते अमेरिकेचं पाचव्या पिढीचं एफ-पस्तीस रडारला दिसत न्हाई, खरं दुरुस्तीला मालकाचं घर बुडवील."

मामा म्हणजे आईचा मानलेला धाकटा भाऊ. शेजाऱ्याच्या बैलालाही त्याने सोडलं नाही. "ह्यो सुखोई. वजन वढतो, खरं वैरण बघा त्याची," म्हणाला. शेजारी आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही.

आणि असल्या माणसाकडे कुंपणाची खरेदी सोपवणारे आम्ही शहाणे! भातात गवे शिरत होते, म्हणून वाडीने मिळून सौर तारेचं कुंपण घ्यायचं ठरवलं. किंमत आणि कामगिरी तोलायची सवय असलेला माणूस एकच. रामनगरहून तारवाला आला, तर मामाने पहिलाच प्रश्न केला, "तार गव्याला दिसती काय?"

"दिसती की. शिवला की झटका बसतो."

"मग ही चौथी पिढी. न दिसणारी आण." तारवाल्याला चहा पाजून त्याने वाटेला लावलं आणि आम्हाला म्हणाला, "थांबा. पाचवी पिढी येतीय."

पाचव्या पिढीआधी गवे आले. दाणा भरत आलेलं भात त्यांनी खाल्लं कमी, लोळवलं जास्त. आई मामावर कडाडली, "वर्सभर काय राफेल शिजवून घालू पोरांना?" त्यावर हा शांतपणे म्हणतो, "अक्का, घाईत घेतलेलं मागनं महाग पडतं." मला त्याचा असा राग आला होता, काय सांगू.

पुढच्या वर्षी आम्ही त्याला न विचारता तीच चौथी पिढी आणली. "तुमी घ्या, मी थांबतो," म्हणाला. त्याचं शेत तारेबाहेर राहिलं. गव्यांनी कसली तुलना केली नाही, सरळ तिकडे गेले.

सकाळी चिखलाच्या पायांनी तो अंगणात आला, पण बसला नाही. "अक्का, तारेच्या आत जागा हाय काय?"

"हाय," आई म्हणाली. "खरं आत तुझं राफेल इमान आणायचं न्हाई."

त्याने मान हलवली आणि शब्द पाळला. अंगणातल्या संध्याकाळी शांत झाल्या. आधी बरं वाटलं, मग करमेना.

यंदा लावणी चालू असताना डोंगरावरून एक विमान आभाळ फाडत गेलं. सगळ्यांनी कमरा सरळ केल्या, वर पाहिलं आणि मग मामाकडे. तो वाकूनच होता. शेवटी आईच हळू आवाजात म्हणाली, "कंचं रं हे?"

"न्हाई ठाऊक, अक्का," तो म्हणाला आणि रोप चिखलात खोचलं. त्याला ठाऊक होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.