आज आई पडली का?

माणसानं कुणाला सल्ला विचारू नये. सल्ला मिळतो एक आणि किस्से होतात दहा! मला आईसाठी एक घड्याळ घ्यायचं होतं, एवढंच. घालणारा माणूस पडला तर आपणहून फोन लावणारं घड्याळ. पण त्या एका घड्याळापायी आम्हा तिघा म्हाताऱ्यांच्या इतक्या गमती झाल्या की परवा इक्बालभाई म्हणाले, "सर, ये सब लिख डालो. न्हायतर तुमी विसरून जाल आन् आमी वाढवून सांगू!"

म्हणून लिहितो आहे. मला नीट जमेल की नाही, शंकाच आहे.

आधी आमची बैठक सांगतो. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तोंडाशी इक्बालभाईंचं ट्रान्सपोर्ट ऑफिस आहे. चादरी-टॉवेलचे गठ्ठे इथून गावोगाव जातात. धंदा आता मुलगा बघतो. इक्बालभाई बाहेरच्या बाकड्यावर बसून देखरेख करतात, म्हणजे चहा मागवतात. त्यांच्या शेजारी कांबळे साहेब, बँकेतून निवृत्त झालेले. तिसरा मी, संख्याशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. उभा जन्म संभाव्यता शिकवण्यात गेला, त्यामुळे जे काही वाईट घडू शकतं ते आज आपल्याच घरी घडणार, याची मला रोज सकाळी खात्री असते.

*

माझी आई नव्वदीला टेकली आहे. होटगीला स्टेशनाजवळच्या घरात एकटी राहते. वडील रेल्वेत होते. ते गेले, पण आईनं घर सोडलं नाही.

मागच्या दिवाळीत तिच्या कोपरावर मला हा एवढा काळानिळा डाग दिसला.

"आई, पडलीस?"

"पडले न्हाय रे. खाली बसले."

"कुठं?"

"न्हाणीत."

"न्हाणीत कशाला खाली बसलीस?"

"पाय घसरला म्हणून!"

मी तिथल्या तिथं जाहीर केलं, "आता सोलापूरला चल. आमच्या फ्लॅटमध्ये सगळी सोय आहे."

"सोय हाय की. पन लिफ्टमधून खाली उतरलं की तुमचा वॉचमन इचारतो, आज्जी कुटं निघाला? होटगीत मला असं कुनी इचारत न्हाय."

बराच वाद झाला. शेवटी तह झाला. ती पडल्याचं मला कळवणारं घड्याळ तिनं हातात घालायचं. ते जमलं नाही, तर बोऱ्याबिस्तरा घेऊन सोलापूरला यायचं.

"माझं घर आता घड्याळावर व्हय रे, बाळू?" आई म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

*

घड्याळांची माहिती काढायला लागलो आणि माझी झोप उडाली. असल्या घड्याळाकडून दोन चुका होऊ शकतात. माणूस पडलेला नसताना बोंब मारणं ही एक, आणि माणूस पडलेला असताना गप्प बसणं ही दुसरी. एक कमी करायला जावं तर दुसरी वाढते. हे मी आयुष्यभर फळ्यावर शिकवलं. पण फळ्यावर आई नव्हती.

मी बाकड्यावर बसून हे सगळं दोघांना समजावून सांगितलं. वेगवेगळ्या घड्याळांचा तक्ताही दाखवला. कांबळेंनी चष्मा लावून तो मन लावून वाचला. इक्बालभाईंनी न बघताच निकाल दिला.

"सर, बोंब मारणारं घ्या. गप बसणारे आपल्याकडं लई झाले!"

*

तिघं दुकानात गेलो. विक्रेता मोठा उत्साही होता. पावलं मोजतं, झोप मोजतं, ठोके मोजतं, असं तो सांगत सुटला.

मी विचारलं, "पडलेलं ओळखतं हे आम्ही कसं समजायचं?"

"सर, कंपनी सांगते ना!"

"पण इथं पडून बघता येईल का?"

त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दुकानाच्या फरशीकडे पाहिलं. "सर, आजपर्यंत चालून बघून घेतलंय, पळून बघून घेतलंय. पडून बघून कुणी घेतलं नाही!"

घेतलं शेवटी, आईचं नाव आणि माझा नंबर त्यात घालून. पण माझं समाधान होईना.

*

मग चाचणी गोडाऊनमध्ये घ्यायची ठरली. चादरींचे गठ्ठे पसरून इक्बालभाईंनी झकास गादी तयार केली. बादशहाही इतक्या चादरींवर पडला नसेल.

पहिला मान कांबळे साहेबांचा. त्यांनी घड्याळ बांधलं, शर्ट नीट केला, एका गठ्ठ्याला धरलं, हळूच गुडघा टेकला, मग दुसरा टेकला, मग कूस बदलून आडवे झाले. घड्याळ गप्प!

"साहेब," इक्बालभाई म्हणाले, "हे पडनं न्हाय. हे रिटायर होनं हाय!"

मग स्वतः इक्बालभाईंनी घड्याळ बांधलं. देह शंभर किलोच्या आतबाहेर. "या अल्लाह!" म्हणून त्यांनी असं काही अंग टाकलं की बाजूची टॉवेलची थप्पी ढासळली आणि दोन हमाल धावत आले. घड्याळ तरी गप्पच. गठ्ठे इतके मऊ की घड्याळाला वाटलं असावं, माणूस झोपला.

राहिलो मी. मी गठ्ठ्यांपुढे उभा राहिलो. खुब्याच्या हाडाचा विचार केला, मणक्याचा विचार केला. तोंडानं पडावं की पाठीवर, याचाही विचार केला. तेवढ्यात इक्बालभाई ओरडले, "सर, पडायचंय, पेपर सेट न्हाय करायचा!"

यावर कांबळे कधी नव्हे ते खदाखदा हसले. इक्बालभाईंनी हात पुढे केला, "द्या टाळी, साहेब!" आणि टाळी बसली.

टाळी बसली आणि इक्बालभाईंच्या मनगटावरचं घड्याळ बोंबलायला लागलं. ते बंद कसं करायचं हे बघेपर्यंत माझ्या खिशातला फोन वाजला. घड्याळ कळवत होतं की माझी आई पडली आहे!

*

इक्बालभाईंच्या टेम्पोनं होटगीला जाऊन घड्याळ दिलं. आईनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"घड्याळ तुझं बाबा घालायचं. त्यांना ड्यूटी होती. मला कुटं गाडी सोडायचीय?"

पण तह म्हणजे तह. डाव्या हातात तिची पाटली असते, म्हणून घड्याळ उजव्या हातात बांधलं. पडल्यावर घड्याळ थरथरतं, वाजतं, आपण ठीक असलो तर हिरवं बटण दाबायचं, नाही दाबलं तर मला फोन येतो, हे सगळं मी तिच्याकडून घोकून घेतलं. परत येताना दोनदा टेम्पो थांबवून पुन्हा समजावून यावं असं वाटलं. इक्बालभाईंनी थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाकड्यावर असताना फोन वाजला. आई पडली!

माझ्या हातातला चहा सांडला. फोन कानाला लावून मी ओरडलो, "आई! आई!"

पलीकडून धप्, धप्, धप् असा आवाज. मग आईचा, "कोन? बाळू? हातातून बोलतोस व्हय?"

"तू पडलीस का?"

"मी कशाला पडू? भाकरी थापायलीय!"

"मग हिरवं बटण दाब की!"

"पिठाच्या हातानं?"

*

पुढे रोज तेच. आईची भाकरी परातीत पडली की माझ्या फोनवर आई पडायची. मी घड्याळाची सेटिंग बदलायला निघालो होतो, जरा कमी हळवं करावं म्हणून. कांबळेंनी मला थांबवलं.

"असू द्या, सर. रोज पडतात, म्हणजे रोज उठतात. उठतात, म्हणजे चूल पेटते. अजून काय कळायला हवंय आपल्याला?"

मी विचार केला. एवढा चांगला निष्कर्ष मला का सुचला नाही, याचाही विचार केला. सेटिंग तशीच ठेवली.

तेव्हापासून आमच्या बैठकीचा रिवाजच झाला. एक दिवस लातूरकडचा एक नवा ड्रायव्हर मालाची बिल्टी, म्हणजे पावती, घ्यायला उभा होता. त्याच्यासमोरच इक्बालभाईंनी मला विचारलं, "काय सर, आज आई पडली का?"

मी म्हणालो, "पडली की, आत्ताच."

"वा!" कांबळे म्हणाले. "सांगा मग चहा!"

ड्रायव्हर बिल्टी न घेताच ट्रकमध्ये जाऊन बसला. त्याला नंतर बरंच समजावलं. पण तो अजूनही आमच्याकडे पाठ करत नाही.

*

आणि एक दिवस आई पडली नाही.

भाकरीची वेळ झाली, टळून गेली. फोन नाही. मी लावला तर उचलत नाही. माझ्या डोळ्यांपुढे न्हाणी दिसायला लागली. "साहेब," मी म्हणालो, "आई पडलेली नाही हो!"

तिघंही टेम्पोच्या पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. मधे मी, गिअर माझ्या गुडघ्याला. इक्बालभाईंनी टेम्पो असा हाणला की मागे राहिलेले दोन गठ्ठे होटगीपर्यंत नाचत होते.

दार उघडंच होतं. आई ओसरीवर बसून शेंगदाण्याचा लाडू खात होती.

"आई! भाकरी का नाही केलीस?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग कांबळे आणि इक्बालभाईंकडे पाहिलं. मग त्या दोघांनाच म्हणाली, "एकादशीला भाकरी करत्यात व्हय ओ? एवढी बुकं शिकला, घरात कॅलेंडर न्हाय का ह्याच्या?"

इक्बालभाई माझ्याकडे वळले. "सर! रोजे की जिम्मेदारी मेरी. एकादशी तुमच्याकडं होती ना!"

आईला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तीन माणसं दारात आली आणि घरात उपासाशिवाय काही नाही! साबुदाण्याच्या उसळीत हिरवी मिरची इतकी होती की कांबळेंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मला ॲसिडिटी आहे, आई," ते कसंबसं म्हणाले. इक्बालभाईंनी मात्र वर ठेचा मागून घेतला.

निघताना आई दारापर्यंत आली. "असं कसं उपाशीच चाललाव? पुन्ना कवा येताव?"

"येऊ की, येऊ की," आम्ही म्हणालो. म्हणतातच तसं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं. तेव्हापासून महिन्यातून दोनदा इक्बालभाई आदल्या दिवशीच पुकारा करतात, "कल एकादशी है! अम्मा गिरनेवाली नहीं!"

*

त्यानंतर बरेच दिवस होटगीला जाणं झालं नाही. जायची गरजच काय? आई रोज वेळेवर पडत होती.

मग एका दिवशी, भाकरीची बोंब होऊन गेल्यावर बऱ्याच वेळानं, फोन पुन्हा वाजला.

मी कानाला लावला. "आई?" काही नाही. पिठाचा आवाज नाही, आईचा आवाज नाही. फोन बंद झाला. मी लावला, उचलला नाही.

कांबळेंनी कॅलेंडर पाहिलं. एकादशी नव्हती.

टेम्पोत मी एकच वाक्य मनात घोकत होतो. आज तिला घेऊनच यायचं. काहीही म्हणू दे, आज बोऱ्याबिस्तरा आणि सोलापूर. इक्बालभाई नुसते रस्ता बघत होते. होटगीचं फाटक लागलेलं होतं. मालगाडी सरता सरेना.

दार लोटलेलं होतं. मी "आई!" म्हणत ते ढकललं आणि उंबऱ्यातच थबकलो. दोघं माझ्या पाठीवर आदळले.

आत चार ताटं मांडलेली होती. पाट होते, पाणी भरून तांबे होते. भाकरीची चळत फडक्याखाली होती, आमटीला वाफ होती. एका ताटात ठेच्याचा हा एवढा गोळा. दुसऱ्यात ठेचा अजिबात नाही, त्याऐवजी दह्याची वाटी. उखळात शेंगांची चटणी नुकतीच कुटलेली, आणि उखळाशेजारी मांडी घालून आई. तिच्या घड्याळाचा पट्टा चटणीनं लालभडक झाला होता.

टेम्पोत घोकलेलं वाक्य मला काही केल्या आठवेना.

"आई," मी म्हणालो, "तू पडलीस ना?"

"पडले न्हाय रे," आई म्हणाली. "बसा खाली. भाकरी गार व्हायलीय."