पिकअपने जे टिपलं ते

बँकेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बायकोने इलेक्ट्रिक गिटार घेतली. (मला वाटलं होतं, पोथी घेईल!) आणि यंदा झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती गिटारवर आरती वाजवणार होती.

हॉल भरला, गिटार स्पीकरला जोडली, आणि आवाज आला तो डबीत कोंडलेल्या माशीचा!

"अहो, पिकअप कमजोर पडलाय," सुलभा रडवेली झाली. "आता काय करू?"

पिकअप म्हणजे तारांखालचं लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार. गिटारची तार थरथरली की तो ते टिपतो आणि स्पीकरकडे धाडतो. मी जन्मभर कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनवलेले! "त्यात काय मोठंसं? आण इकडे!" म्हणालो आणि गिटार घेऊन पडद्यामागे बसलो.

वायर बदलली. माशीच! बटण साफ केलं. माशीच! शेवटी तारा ढिल्या केल्या, स्क्रू काढले आणि जोडलेल्या वायरीसकट पिकअपच उपटून बाहेर काढला. साउंडवाल्याला ओरडून सांगितलं, "भैया, आवाज पूरा खोल दो!" पिकअपवर पेचकस टेकवला. ठण्ण! हॉलमध्ये कुणाचं तरी बाळ भोकाड पसरून रडू लागलं. म्हणजे जीव होता! नीट बघायला पिकअप तोंडाजवळ धरला, तेवढ्यात मेहुणा सुधीर डोकावला.

"जिजाजी, हो जाएगा ना?"

"अरे, न झालेलंच बरं!" मी म्हणालो. "हिची आरती मोठ्याने वाजली तर उंदीर बाप्पाला इथेच टाकून पळेल!"

आणि माझंच वाक्य हॉलमधून घुमत परत आलं. उंदरासकट!

मी थिजलो. पिकअपमधली तार सैल झाली की तो माइकसारखा माणसाचा आवाजही टिपतो, हे ज्ञान मला नेमकं त्या क्षणी झालं! बाहेर आधी थोडी खसखस पिकली. मग हास्याचा स्फोट!

पडदा सरकला. सुलभा.

"झालं दुरुस्त?"

"हो... म्हणजे... आवाज येतोय."

"ऐकला."

मी पिकअप परत बसवला, यावेळी तारांच्या अगदी जवळ. सुलभाने तारा जुळवल्या आणि आरती अशी काही खणखणीत वाजवली, की मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो! हे कधी शिकली ही?

एकच आशा होती: अर्ध्या हॉलला मराठी कळत नाही. पण टाळ्या थांबताच सुलभाने माइक घेतला आणि माझं वाक्य हिंदीत, सविस्तर, साभिनय समजावून सांगितलं!

वर्षानुवर्षं मी मंडळात भाषणं ठोकतोय, "मुलांनो, घरी तरी मराठी बोला!" कुणी मनावर घेतलं नाही. आता मात्र झाशीत खंडेराव गेटपासून लक्ष्मी गेटपर्यंत कुठलंही पोर मला पाहताच शुद्ध मराठीत विचारतं, "काका, उंदीर पळाला का?"